घरात माणसं असताना

चुरीमामा कुणाच्याही दारात गेले की आधी पाणी मागायचे. तहान असो वा नसो. घरातली बाई तांब्या-पेला घेऊन यायची, मामा चपला काढून ओट्यावर टेकायचे, घोट घोट पाणी प्यायचे, विहिरीचं की नळाचं याची चौकशी करायचे आणि मग शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढायचे. तेव्हा कुठे त्या बाईच्या ध्यानात यायचं की आपण कोर्टाच्या बेलिफाला पाणी पाजलं. पण तोवर भांडायची वेळ निघून गेलेली असायची.

“पानी दिलेल्या मानसाच्या अंगावर कोन धावून जात नाय, बाय,” ते मला सांगायचे.

“मामा, ही शुद्ध फसवणूक आहे.”

“हाय ना!” म्हणायचे आणि पोट हलेपर्यंत हसायचे.

मी पालघरच्या कोर्टात नाजर विभागात कारकून म्हणून लागले तेव्हा मामांच्या नोकरीची चारेक वर्षं उरली होती. समन्स असो, नोटीस असो, वॉरंट असो, कोर्टाचा कागद ज्याच्या त्याच्या हाती पोचवायचा तो आमच्या विभागातून. मी नोंदी करायची आणि मामा व आणखी दोन बेलीफ कागद घेऊन बाहेर पडायचे. मी माकुणसारची, मामा माहीमचे, दोघांच्याही घरी वाडी. त्यामुळे पहिल्याच दिवशी त्यांनी मला ‘बाय’ करून टाकलं आणि आमच्या केळींची अशी काही विचारपूस केली की घरच्या माणसांचीही कुणी करणार नाही. सोमवारी त्यांच्या वाडीतली विड्याची पानं ओल्या फडक्यात बांधून यायची. अख्ख्या कोर्टाला पानं वाटायचे, स्वतः मात्र कधी पान खाल्लं नाही. विचारलं तर म्हणायचे, “माजे दात पांढरे हायत, म्हनून तर बायामानसं पानी देतात.”

बुटके, काळेसावळे, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि कानांवर केसांची झुलपं. त्यांची स्कूटर तिसऱ्या किकशिवाय कधी सुरू झाली नाही. पहिल्या दोन किकांना ते तिच्याशी गोडीगुलाबीने बोलत, तिसऱ्याला शिवी देत. शिवी ऐकली की ती सुरू व्हायची.

बोईसरच्या कामगारवस्तीत मामांचं हिंदी ऐकायला मिळायचं. एकदा साक्षीदाराचं समन्स घेऊन गेले तर तो बिचारा उत्तरेकडचा मुलगा ‘कोर्ट’ एवढंच ऐकून मागच्या दाराने पळाला. दुसरा कुणी ‘इसम मिळून आला नाही’ असं लिहून परतला असता. मामा त्याच्या खोलीत, त्याच्याच खाटेवर बसले आणि त्याच्या सोबत्यांबरोबर दोन तास मटार सोलत राहिले. पोरगा भीत भीत परत आला तेव्हा म्हणाले, “अरे बाबा, भागने का नाय. कागद हाय, साप नाय हाय.” मग त्याला कोर्टात कुठल्या दाराने यायचं, कुठे उभं राहायचं, सगळं सांगून, त्याच्या हातची मटारची भाजी जेवून आले. पुढे तो पोरगा साक्षीला आला तो मामांचा हात धरूनच कोर्टात शिरला.

तर असे मामा. कुठलाही कागद द्या, नाही म्हणणार नाहीत. म्हणूनच तो दिवस माझ्या लक्षात राहिला. गुजरातेतल्या एका कोर्टाचा हुकूम अंमलबजावणीसाठी आमच्याकडे आला होता. कागद गुजरातीत. मामांचं आजोळ उंबरगावकडचं, त्यामुळे त्यांना गुजराती वाचता यायचं. रीतसर भाषांतर होईपर्यंत काय आहे ते कळावं म्हणून मी त्यांच्यापुढे ठेवला. ते उभ्या उभ्या वाचू लागले. सहा वर्षांची मुलगी जान्हवी, ताबा आईकडे द्यावा, मुलगी सध्या वडिलांकडे, मुक्काम सातपाटी. इथपर्यंत वाचलं आणि कागद माझ्या टेबलावर पालथा ठेवला.

“हा मला नको, बाय. दुसऱ्याला दे.”

 दुपारी डबा खाताना त्यांनी मला कारण सांगितलं. डबा उघडा होता, पण त्यांनी त्यातलं काही खाल्लं नाही.

त्याआधी मामांची एक सवय सांगायला हवी. त्यांच्या टेबलामागच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने खुणा असायच्या. उधाणाचे दिवस आणि भांगाचे दिवस. पुनवे-अवसेच्या आसपास उधाण, पाण्याला ओढ असते, तेव्हा त्या ओढीत मासे अडवणारी डोलीची जाळी लावणाऱ्या होड्या दर्यात. अष्टमी-नवमीला भांग, पाणी मंद, होड्या किनाऱ्याला आणि पुरुषमाणसं घरात. सातपाटीचा कुठलाही कागद मामा भांगातच न्यायचे. आमचे नाजरसाहेब वैतागायचे. “चुरी, कोर्ट तारखेवर चालतं, तिथीवर नाही!” मामा मान डोलवायचे आणि नवमीलाच जायचे. मला वाटायचं, माणूस घरी सापडावा म्हणून हे करतात. खरं कारण त्या दिवशी कळलं.

बारा-तेरा वर्षांपूर्वी असाच एक हुकूम गुजरातेतून आला होता. भावेश नावाचा सात वर्षांचा मुलगा, बाप काशीनाथ, सातपाटीचा खलाशी. मुलगा आईला द्यायचा. मामांनी डोकं चालवलं. पुनवेचं उधाण धरलं. घरात एक म्हातारी आणि मुलगा, पुरुष सगळे दर्यात. ना आरडाओरडा, ना हाणामारी. अर्ध्या तासात मुलगा आईच्या रिक्षात. कोर्टात मामांचं कौतुक झालं आणि मामांनीही ते मिरवलं.

“तिसऱ्या दिवशी होडी लागली,” मामा म्हणाले. “काशीनाथ तसाच आला, हितं, ह्या दारात. अंगावर खारं पानी सुकलेलं. मला वाटलं मारील. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो नुस्ता इचारतो, जाताना माजा पोर मागं बघत होता काय?”

“मग?”

“बघत होता, बाय. बंदराच्या वाटंकडं बघत होता. रिक्षा वळंपर्यंत बघत होता. मी ते त्याला सांगू शकलो नाय.”

नंतर काशीनाथ कोर्टाने ठरवून दिलेल्या दिवशी मुलाला भेटायला गुजरातेत गेला. मुलगा बाहेरच आला नाही. निरोप पाठवला, पप्पांनी मला देऊन टाकलं, जाताना घरीसुद्धा आले नाहीत. काशीनाथ तीनदा गेला. मग जायचा थांबला.

“हुकूम बरोबर होता,” मामा म्हणाले. “आईचाच हक्क होता. दिवस माजा चुकला.” आणि डब्याचं झाकण लावलं.

तेव्हापासून सातपाटीत गेले की मामा काशीनाथच्या ओट्यावर थोडा वेळ बसून यायचे. पानं द्यायचे. दोघं काय बोलत असतील देव जाणे.

जान्हवीचा कागद शेवटी मामांकडेच गेला. त्याला कारण हेतल, त्या मुलीची आई. पहिल्या तारखेला ती गुजरातेतून सकाळच्या गाडीने आली आणि आमच्या विभागासमोरच्या बाकावर बसली. किनाऱ्यावरच्या मासेमार माछी घरातली, सडपातळ, पदर घट्ट खोचलेला. नवरा नितेश आधी तिकडच्याच होड्यांवर कामाला होता, लग्न तिथलंच. पटेना झालं, प्रकरण कोर्टात गेलं, मुलगी आईकडे असा निकाल लागला. तेवढ्यात नितेश मुलीला चार दिवस आजीकडे नेतो म्हणून सातपाटीला घेऊन आला आणि परत पाठवलीच नाही. हेतल आमच्याकडे आली तेव्हा या गोष्टीला पाच महिने झाले होते. तिने कुणाची तक्रार केली नाही. मामा समोरून जाताना फक्त एवढंच विचारलं, “मामा, अब तक बडी हो गयी होगी ना?”

मामा माझ्या टेबलाशी आले आणि हात पुढे केला. “दे तो कागद.”

पण नितेशने आमच्या कोर्टात हरकत घेतली आणि अंमलबजावणी थांबली. तारखा पडू लागल्या. जजसाहेबांनी तोवर एवढंच केलं की दर महिन्याला बेलिफाने सातपाटीला जाऊन मुलगी बरी आहे का ते पाहावं आणि अहवाल द्यावा. बेलिफाकडे जमिनीचा ताबा देताना मोजायला टेप असते. मामा ती घेऊन जायचे. मुलीशी खेळता खेळता तिला दाराच्या चौकटीला उभी करायचे, मापायचे आणि अहवालात लिहायचे, ‘मुलगी खाऊनपिऊन बरी आहे. शाळेत जाते. उंची तीन फूट सात इंच.’ साहेबांनी एकदा विचारलं, उंची कशाला? मामा म्हणाले, “साहेब, बाकी बरं हाय हे कोनीबी सांगंल. आईला दिसाय पायजे.”

दर तारखेला हेतल माझ्याकडून तो आकडा तोंडपाठ करून जायची. तिकडे घरी भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारायची, त्या उंचीला. म्हणाली, “काम करता करता रेघेकडे बघते. वाटतं, एवढी उभी आहे.” बोलताना तिने हात असा धरला की मला त्या हाताखाली पोर दिसलं. त्या बाकावरून उठून ती स्टेशनकडे निघाली की मला कामात लक्ष घालता यायचं नाही. मामांनाही यायचं नसावं, कारण ते उगाचच नोंदवह्यांची पानं उलटत बसायचे.

आठ महिन्यांनी नितेशची हरकत फेटाळली. मुलगी आईला द्यावी, शाळेच्या सुट्टीत आणि पावसाळी मासेमारी बंद असते तेव्हा बापाने तिला न्यावं, असं ठरलं. बंदोबस्ताच्या हवालदाराने लगेच सल्ला दिला, “अवसेला जाऊ. पुरुष कोणी नसतात. म्हातारीच्या हातून पोर घ्यायची आणि निघायचं.”

“नवमी,” मामा म्हणाले.

“म्हणजे सगळी गँग घरात? डोकी फुटतील, मामा!”

“फुटू देत. पोर घरातनं जाताना घरातली मानसं घरात पायजेत.”

नाजरसाहेब तापले. म्हणाले, बजावणी फसली तर तुमच्या पेन्शनवर येईल. मामांनी कॅलेंडरवरच्या नवमीवर बोट ठेवलं. एवढा बोलका माणूस, पण त्या दिवशी वादही घातला नाही आणि मागेही हटला नाही. शेवटी साहेबांनीच नवमी मान्य केली. मुलीची बाब म्हणून बाईमाणूस सोबत हवं होतं. मला जायला सांगितलं.

हेतलला घेऊन सातपाटीला पोचलो तेव्हा बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत टाकलेले होते. गल्लीतून माणसं वाढत वाढत आमच्यामागे आली. घरासमोर नितेश, त्याचे दोन काका आणि आजी यमुनाबाय उभे. मुलगी आजीच्या लुगड्याआड. हेतल तिच्याकडे झेपावणार तोच मामांनी तिला हाताने अडवलं. “तू हितं बस. उठू नको. तिला येऊ दे.” ती समोरच्या घराच्या ओट्यावर बसली खरी, पण दोन्ही हातांनी ओट्याची कड धरून.

मामांनी चपला काढल्या, पाणी मागितलं. यमुनाबायने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि आत जाऊन तांब्या आणला. पाणी प्याल्यावर मामांनी हुकूम वाचून दाखवला, साध्या भाषेत, मुलीलाही कळेल असा. मग म्हणाले, “नितेश, आता तू पोरीला सांग.”

“मी काय सांगू? तुमी नेताय ना? न्या.”

“मी नेत नाय. तू पाठवतोस. हे तिला तुज्या तोंडनं कळू दे.”

नितेशने तोंड फिरवलं. एक काका पुढे आला, हवालदाराने काठी सावरली. मला वाटलं, आता सगळं हाताबाहेर जाणार. मामा मात्र ओट्यावर मांडी घालून बसले. हवालदार वाकून म्हणाला, उचलू आणि निघू. मामा म्हणाले, “पोर उचलायचं नाय. चालत जाईल. मला घाई नाय.”

बसलो. ऊन ओट्यावर आलं. हेतल खाली मान घालून बसली होती. किती वेळ गेला कोण जाणे. मग मामा हळूच नितेशला म्हणाले, “आज तू गप ऱ्हायलास तर ती जनमभर तुलाच इचारत बसंल. तू नसशील तिथंबी इचारत बसंल. मी बघितलंय रे.”

नितेश आला आणि मुलीसमोर उकिडवा बसला. “जानू, मम्मीकडं जा. मी सांगतोय म्हनून जा. मी तुला घालवत नाय, पाठवतोय. पावसाला होडी वर काढली की न्यायला येनार.”

“तू रडशील?” तिने विचारलं.

“रडेन. पन तू जा.”

नितेश उठून दारात उभा राहिला आणि ती निघाली. चार पावलं चालली आणि मागे वळली. मामांनी नितेशला आधीच सांगून ठेवलं होतं, दारातून हलू नको. तो दारात होता. आणखी चार पावलांनी पुन्हा वळली. तो होता. समोरच्या ओट्याशी पोचेपर्यंत ती तीनदा वळली आणि तिन्ही वेळा बाप दारात होता, गाल पुसायचं भान नसलेला. मग ती हेतलच्या मांडीत शिरली. हेतलच्या तोंडून जो आवाज आला तो मी लिहून दाखवू शकत नाही. यमुनाबायने वर्तमानपत्रात सुके बोंबील बांधून तिच्या हातात दिले. एवढे महिने तिचं नावही न घेणारी ती म्हातारी म्हणाली, “तळलेलं नाय खात ही. भाजून दे.” हवालदार पाठ करून उभा होता. त्याच्याही घरी लेक होती म्हणे.

रिक्षा मायलेकींना घेऊन गेली. मामा आमच्या गाडीत बसले नाहीत. पुढच्या गल्लीत वळले. मी त्यांना बोलवायला गेले तर ते काशीनाथच्या ओट्याशी उभे होते. पहिल्यांदाच मी त्याला पाहिलं. पिकलेल्या केसांचा, गुडघ्यावर जाळं घेऊन बसलेला.

“आज मानसं घरात होती, काशीनाथ,” मामा म्हणाले.

काशीनाथने सुई थांबवली. “पोर मागं बघत होती काय?”

“होती. बाप दारात होता.”

“बरं झालं,” काशीनाथ म्हणाला आणि पुन्हा जाळं विणायला लागला. थोड्या वेळाने परत म्हणाला, “बरं झालं.”

त्यानंतर वर्षाने मामा निवृत्त झाले. जान्हवी पावसाळ्यात सातपाटीला येते, नितेश स्वतः जाऊन आणतो आणि स्वतः सोडतो, हे मला यमुनाबायकडून कळतं. मामा मात्र निवृत्तीनंतर फार राहिले नाहीत. एका सकाळी वाडीत पाणी देताना गेले. आता नवे बेलीफ आहेत, चुणचुणीत पोरं, फोनवर जागा शोधून पत्त्यावर पोचतात. ओट्यावर कुणी बसत नाही. मला मामांची इतकी आठवण येते की त्यांच्या रिकाम्या खुर्चीत मी कुणाला फायली ठेवू देत नाही. आणि एक गोष्ट त्यांना विचारायची राहून गेली, ती टोचत राहते.

कारण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पालघर स्टेशनवर, ते वारले त्याच्या महिनाभर आधी. मी ऑफिसला येत होते आणि मामा पलीकडे, गुजरातकडे जाणाऱ्या गाडीच्या फलाटावर. इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. मी पूल ओलांडून गेले.

“कुठे मामा?”

“भावेशकडं.” मला नाव लगेच ध्यानात येईना. “काशीनाथचा पोर गो. आता वीस-बावीसचा झाला असंल. पत्ता मिळवला.”

“काशीनाथला माहीत आहे?”

“नाय. आधी मी सांगतो. माजं काम हाय ते.” मग मला बाकावर बसवलं. “तू लिवनारी. कसं सांगायचं सांग. मी घोकतोय, पन जमत नाय.” घसा खाकरला आणि गुजरातीत सुरुवात केली, मग मराठीत. “मी चुरी, बेलीफ, पालघर कोर्ट, त्या दिवशी हुकमाप्रमाने…”

“मामा, कोर्ट नका सांगू त्याला.”

ते पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले. मी म्हटलं, तो नाही भेटला तर? म्हणाले, पुन्हा जाईन. भेटून ऐकलं नाही तर? म्हणाले, तरी पुन्हा जाईन. गाडी आली. ते चढले, खिडकीशी जागा मिळाली. मी खाली उभी होते. गाडी सुटायला आली तेव्हा त्यांनी खिडकीच्या गजांना तोंड लावलं.

“बाय, हे बघ. पोरा, तुज्या बापानं तुला दिलं नवतं. तू जातोयस हे त्याला ठावंच नवतं. तो दर्यात असताना मी आलो.” आणि शाळेतल्या मुलासारखं माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, “असं सांगू?”

 मी मान डोलावली, आणि गाडी हलली.